मिनी मोटारीच्या स्टिअरिंग स्तंभातील फेरबदल

मिनी या ब्रिटिश बनावटीच्या छोट्या मोटारीचा स्टिअरिंग स्तंभ (स्टिअरिंग कॉलम) मूळ जागेवरून खाली घेणे, त्याचा कोन बदलणे किंवा त्याला जोडलेले भाग बदलणे, अशा कामांना एकत्रितपणे स्टिअरिंग स्तंभातील फेरबदल असे म्हटले जाते. १९५९ ते २००० या काळात उत्पादित झालेल्या मूळ मिनीचे स्टिअरिंग चक्र बरेचसे आडवे, म्हणजे बसच्या चक्रासारखे असते. उंच चालकांना ते गैरसोयीचे वाटते. म्हणून स्तंभाचे वरचे टोक काही सेंटिमीटर खाली घेणारा ब्रॅकेट बसवणे हा या गाडीतील सर्वाधिक प्रचलित फेरबदलांपैकी एक आहे. हे काम वरकरणी सोपे असले तरी स्तंभ आणि त्याच्या तळाशी असलेला स्टिअरिंग रॅक यांचा अक्ष एकच राखणे अत्यावश्यक असते. ही अट पाळली न गेल्यास स्टिअरिंग जड होते, भाग लवकर झिजतात आणि गाडीवरील नियंत्रण धोक्यात येऊ शकते.

या लेखात 'मिनी' हा शब्द केवळ १९५९ ते २००० या काळातील मूळ गाडीसाठी वापरला आहे. बीएमडब्ल्यू कंपनीने २००१ पासून विक्रीस आणलेल्या त्याच नावाच्या गाडीची स्टिअरिंग रचना पूर्णतः वेगळी आहे.

पार्श्वभूमी

१९५६ च्या सुएझ संकटामुळे ब्रिटनमध्ये पेट्रोलची टंचाई निर्माण झाली व इंधनावर नियंत्रण आले. कमी पेट्रोलमध्ये चालणाऱ्या छोट्या गाडीची निकड भासू लागली. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने हे काम अभियंता अ‍ॅलेक इसिगोनिस यांच्याकडे सोपवले. त्यांनी रचलेली गाडी २६ ऑगस्ट १९५९ रोजी ऑस्टिन सेव्हन आणि मॉरिस मिनी-मायनर या दोन नावांनी जाहीर झाली. पुढे 'मिनी' हेच तिचे नाव रूढ झाले.

गाडीची लांबी केवळ ३.०५ मीटर होती. तेवढ्यात चार माणसे व त्यांचे सामान मावावे, यासाठी इसिगोनिस यांनी इंजिन आडवे बसवले, गिअरबॉक्स इंजिनाच्या खालच्या तेलपेटीत सामावून घेतला, पुढच्या चाकांना गती दिली आणि चाकांचा व्यास अवघा दहा इंच ठेवला. यामुळे इंजिनाचा कक्ष फार आखूड झाला व चालकाची जागा पुष्कळ पुढे आली. पुढच्या चाकांच्या कमानी पायांच्या जागेत शिरत असल्याने पेडल गाडीच्या मध्याकडे सरकवावे लागले. चालकाने सरळ, जवळजवळ खुर्चीत बसल्याप्रमाणे बसावे, अशीच ही मांडणी होती. स्टिअरिंग स्तंभ चढा आणि चक्र आडवे असण्याचे मूळ याच मांडणीत आहे.

४ ऑक्टोबर २००० रोजी लाँगब्रिज येथील कारखान्यातून शेवटची मिनी बाहेर पडली. तोवर ५३ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. चार दशकांत इंजिन, चाके, ब्रेक आणि अंतर्भाग यांत अनेक सुधारणा झाल्या, तरी चालकाची बैठक आणि स्तंभाचा चढा कोन या गोष्टी मूळच्या आराखड्याप्रमाणेच राहिल्या.

मूळ रचना

मिनीत रॅक-पिनियन प्रकारचे स्टिअरिंग आहे. रॅक म्हणजे दाते असलेला आडवा दांडा. तो एका नळीत डावीकडे-उजवीकडे सरकतो. पिनियन म्हणजे त्या दात्यांत अडकलेले लहान दंतचक्र. चालक चक्र फिरवतो तेव्हा स्तंभातील दांडा पिनियनला फिरवतो, पिनियन रॅकला सरकवतो आणि रॅकच्या दोन्ही टोकांना जोडलेले टाय रॉड पुढची चाके वळवतात. चाके एका टोकाच्या वळणापासून दुसऱ्या टोकाच्या वळणापर्यंत नेण्यास सुमारे अडीच फेरे पुरतात. गाडीचे स्टिअरिंग चपळ वाटते ते यामुळे.

रॅकची नळी इंजिनामागे, पायांसमोरच्या पत्र्याला लागून गाडीच्या रुंदीत आडवी बसवलेली असते. दोन यू-बोल्ट तिला घट्ट धरून ठेवतात. या यू-बोल्टांचे नट गाडीच्या आतल्या बाजूस, पायाखालच्या गालिच्याखाली असतात. नळीचे धरून राहणे हे या यू-बोल्टांच्या आवळपणावर अवलंबून असते. ते सैल केल्यास नळी स्वतःच्या अक्षाभोवती थोडीशी फिरू शकते. स्तंभ खाली घेण्याचे सारे तंत्र या एका गोष्टीवर आधारलेले आहे.

स्तंभाचे स्थूलमानाने पुढील भाग असतात :

आतील दांडा : चक्राची गती पिनियनपर्यंत नेणारा भाग. त्याच्या वरच्या टोकावरील दातेरी खाचांत स्टिअरिंग चक्र बसते.

बाहेरील नळी : आतील दांड्याला आधार देणारे आवरण.

बुश : नळी व दांडा यांमधील आधार. सुरुवातीच्या गाड्यांत ते नमद्याचे (फेल्टचे) असत.

तळाचा क्लॅम्प : दांड्याचे खालचे टोक पिनियनच्या दातेरी खाचांवर बसते व एका बोल्टने आवळले जाते. हा बोल्ट पिनियनच्या दांड्यावरील गोल खोबणीतून जातो. त्यामुळे तो पूर्णपणे काढल्याखेरीज स्तंभ वर ओढून निघत नाही.

वरचा ब्रॅकेट : स्तंभाचे वरचे अंग डॅशबोर्डच्या जागी असलेल्या पत्र्याच्या फळीच्या खालच्या कडेला जोडणारा भाग.

या रचनेचे वैशिष्ट्य असे की चक्रापासून पिनियनपर्यंतचा दांडा सरळ असून त्यात कोठेही युनिव्हर्सल जॉइंट नाही. स्तंभ खाली रॅकवर आणि वर फळीवर, अशा दोन ठिकाणी धरलेला असतो. एक ठिकाण हलवले की दुसरेही त्याच मानाने फिरवावे लागते. ज्या गाड्यांत मध्ये जॉइंट असतो, त्यांत स्तंभाचा कोन बदलला तरी जॉइंट तो फरक सामावून घेतो. मिनीत तशी सोय नाही.

फेरबदलाची कारणे

फेरबदल करण्यामागे साधारणपणे पुढील कारणे असतात :

बैठक : उंच चालक आसन मागे सरकवतो, तेव्हा आडवे चक्र त्याच्यापासून दूर जाते. चक्राचा वरचा भाग गाठण्यासाठी त्याला पाठ आसनापासून उचलावी लागते. लांबच्या प्रवासात खांदे व मनगटे अवघडतात.

शर्यती : १९६१ मध्ये मिनी कूपर ही अधिक शक्तिशाली आवृत्ती आली. १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये मिनीने मोंटे कार्लो रॅली जिंकली. शर्यतीत चालक खोलगट आसनात पट्ट्यांनी जखडलेला असतो. पुढे झुकण्याची मुभा नसल्याने चक्र त्याच्या हाताच्या टप्प्यात यावे लागते.

बदललेले आसन : मूळ आसनाऐवजी उंच पाठीचे किंवा खोल आसन बसवल्यास चालकाची उंची व अंतर बदलते. त्यानुसार चक्राची जागा जुळवावी लागते.

रुंद टायर : मूळच्या अरुंद टायरांऐवजी रुंद टायर बसवल्यास स्टिअरिंग जड होते. यावर उपाय म्हणून विद्युत साहाय्याचा विचार केला जातो.

इंजिनबदल : दुसऱ्या कंपनीचे आधुनिक इंजिन बसवताना मूळ रॅकच्या जागी अडचण आल्यास संपूर्ण स्टिअरिंगची मांडणी बदलली जाते.

फेरबदलाचे प्रकार

स्तंभ खाली घेणारा ब्रॅकेट

पत्र्याच्या फळीची कड आणि स्तंभाचा मूळ ब्रॅकेट यांमध्ये एक जोडपट्टी बसवून स्तंभाचे वरचे टोक खाली आणले जाते. काही जोडपट्ट्यांना एकच ठराविक उतार असतो, तर काहींना अनेक छिद्रे किंवा लांबट खाचा असून उतार कमी-जास्त करता येतो. कापणे किंवा वेल्डिंग करणे यांची गरज नसल्याने गाडी पुन्हा मूळ स्थितीत आणता येते. या पद्धतीच्या लोकप्रियतेचे हेच मुख्य कारण आहे.

लहान व्यासाचे चक्र

सुरुवातीच्या मिनीच्या चक्राचा व्यास सुमारे ४० सेंटिमीटर होता. त्याऐवजी ३३ ते ३५ सेंटिमीटर व्यासाचे चक्र बसवले जाते. त्यामुळे मांड्यांना अधिक जागा मिळते, म्हणून स्तंभ खाली घेण्याबरोबर हा बदल अनेकदा केला जातो. तरफेच्या नियमानुसार चक्र लहान झाले की तेवढेच वळण घेण्यास अधिक जोर लागतो. ४० सेंटिमीटरच्या जागी ३३ सेंटिमीटरचे चक्र आल्यास कडेवर लावावा लागणारा जोर सुमारे २१ टक्क्यांनी वाढतो. नव्या चक्रासाठी लागणारा मधला जोडभाग (बॉस) त्या गाडीच्या स्तंभावरील खाचांशी तंतोतंत जुळणारा असावा लागतो.

युनिव्हर्सल जॉइंट

इंजिन बदललेल्या किंवा रॅकची जागा हलवलेल्या गाड्यांत स्तंभ दोन वा अधिक तुकड्यांत करून मध्ये युनिव्हर्सल जॉइंट घातले जातात. एकच जॉइंट वापरल्यास चक्र एकसारखे फिरवले तरी पुढचा दांडा एकसारखा फिरत नाही, प्रत्येक फेऱ्यात दोनदा जलद व दोनदा मंद होतो. जॉइंटचा कोन ५ अंश असेल तर हा फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो. कोन ३० अंश झाला की एका स्थितीत वेग सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो आणि दुसऱ्या स्थितीत सुमारे १३ टक्क्यांनी घटतो. म्हणून मोठ्या कोनासाठी दोन जॉइंट समान कोनात आणि परस्परांशी योग्य दिशेने जुळवून बसवतात, म्हणजे एकाचा दोष दुसरा भरून काढतो.

विद्युत साहाय्य

स्तंभावर मोटर बसवून चालकाचा जोर वाचवण्याची पद्धत १९८८ मध्ये जपानमधील सुझुकी सेर्व्हो या छोट्या गाडीत प्रथम आली. पुढे अनेक छोट्या गाड्यांनी ती स्वीकारली. असा आधुनिक स्तंभ जुन्या गाडीत बसवण्याचा प्रयोग मिनीतही केला जातो. आधुनिक गाडीत या मोटरीला वेगाची माहिती गाडीच्या अंतर्गत संदेशयंत्रणेकडून मिळते. जुन्या गाडीत ती यंत्रणा नसते. तेव्हा नियंत्रक एका ठराविक मर्यादेत साहाय्य देतो किंवा ते हाताने ठरवण्यासाठी वेगळे मंडल जोडावे लागते. वेगात असताना साहाय्य जास्त मिळाल्यास स्टिअरिंग गरजेपेक्षा हलके होते, ही त्यातील मुख्य अडचण आहे.

भूमितीचे परिणाम

स्तंभाचे खालचे टोक स्थिर धरून वरचे टोक खाली आणले तर ते टोक एका कमानीवरून फिरते. म्हणजे चक्र एकाच वेळी तीन प्रकारे हलते : ते खाली येते, चालकाकडे थोडे सरकते आणि पूर्वीपेक्षा अधिक उभे होते. उंच चालकाला पहिल्यापेक्षा दुसऱ्या व तिसऱ्या परिणामाची गरज अधिक असते. पहिला परिणाम, म्हणजे चक्राचे खाली येणे, त्याच्या मांड्यांना अडथळा करू शकतो. म्हणूनच सर्वाधिक उतार हा सर्वोत्तम उतार नसतो.

कोनातील बदल साध्या गणिताने काढता येतो. समजा, पिनियनपासून वरच्या ब्रॅकेटपर्यंतचे अंतर ६० सेंटिमीटर आहे आणि ब्रॅकेट स्तंभाच्या अक्षाला काटकोनात ५ सेंटिमीटर हलवला. ५ भागिले ६० म्हणजे ०.०८३ रेडियन, अर्थात सुमारे ४.८ अंश. आकडा लहान दिसतो, पण न वाकणाऱ्या सरळ दांड्याच्या दृष्टीने तो मोठा आहे. रॅक जुन्या कोनात घट्ट ठेवून स्तंभ तेवढा खाली ओढला, तर फरक कोठेतरी सामावला जाणे भागच असते. अशा वेळी पिनियनच्या आधारावर तिरका दाब येतो, बुश एका बाजूने घासला जातो, पत्र्याची फळी वाकते किंवा बोल्टांवर सतत ताण राहतो.

यावरील उपाय मूळ रचनेतच आहे. यू-बोल्ट सैल केल्यावर रॅकची नळी आपल्या अक्षाभोवती फिरते व पिनियनचे तोंड स्तंभाच्या नव्या दिशेशी जुळते. नळीचा अक्ष जागचा हलत नाही, त्यामुळे टाय रॉडच्या आतल्या टोकांची उंची बदलत नाही. चाकांची जुळणी (व्हील अलाइनमेंट) या फिरवण्याने तत्त्वतः बिघडत नाही, ही या पद्धतीची मोठी जमेची बाजू आहे.

बसवण्याची पद्धत

प्रत्येक वर्षीच्या गाडीतील स्तंभ, कुलूप व ब्रॅकेट यांत फरक असल्याने प्रत्यक्ष कामासाठी त्या गाडीची दुरुस्ती-पुस्तिका प्रमाण मानली जाते. कामाचा सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो.

१. पुढची चाके सरळ ठेवली जातात व बॅटरीची जोडणी काढली जाते. स्तंभाजवळून दिवे व इग्निशन यांच्या तारा जात असल्याने ही खबरदारी घेतली जाते.

२. गालिचा उचलून यू-बोल्टांचे नट सैल केले जातात, पूर्ण काढले जात नाहीत.

३. वरच्या ब्रॅकेटचा बोल्ट काढून स्तंभ हलकेच खाली घेतला जातो. तारा ताणल्या जात नाहीत ना, हे पाहिले जाते.

४. जोडपट्टी बसवून वरची बाजू प्रथम आवळली जाते. या वेळी रॅक सैल असल्याने तो स्तंभाच्या दिशेप्रमाणे आपोआप फिरतो.

५. चक्र दोन्ही टोकांच्या वळणांपर्यंत काही वेळा फिरवले जाते, म्हणजे रॅक आपली नैसर्गिक जागा घेतो. मगच यू-बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या मापाने थोडे-थोडे, आलटून-पालटून आवळले जातात.

६. तळाच्या क्लॅम्पचा बोल्ट पिनियनच्या खोबणीतून गेला आहे व घट्ट आहे, याची खात्री केली जाते.

या क्रमात वरची बाजू आधी आणि रॅक नंतर, हा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. रॅक आधी आवळून नंतर स्तंभ जोराने खाली ओढून बोल्ट घातल्यास जोडणी पूर्ण झालेली दिसते, पण दांडा कायमचा ताणाखाली राहतो. हा दोष डोळ्यांना दिसत नाही. तो स्टिअरिंग फिरवतानाच हाताला जाणवतो.

सुरक्षितता

स्टिअरिंगमधील दोष इतर अनेक दोषांहून वेगळ्या स्वरूपाचा असतो. इंजिन बंद पडले तर गाडी थांबते, पण स्टिअरिंग निकामी झाले तर गाडी चालत राहते आणि चालकाच्या हाती काही उरत नाही. म्हणून या भागात वापरले जाणारे बोल्ट योग्य ताकदीचे व आपोआप न सुटणारे असणे अपेक्षित असते.

स्तंभाचा दुसरा धोका अपघाताच्या वेळी असतो. समोरून धडक बसली की जुन्या गाड्यांतील ताठ स्तंभ मागे सरकून चालकाच्या छातीवर आदळत असे. यावर उपाय म्हणून आघातात दबून ऊर्जा शोषणारे स्तंभ १९६० च्या दशकात प्रचारात आले. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून याविषयीची दोन सुरक्षा मानके लागू झाली. त्यांपैकी एकानुसार ताशी ३० मैल (सुमारे ४८ किलोमीटर) वेगाने अडथळ्यावर धडक दिल्यास स्तंभाचे टोक १२७ मिलिमीटरहून अधिक मागे येता कामा नये. युरोपातही पुढे अशाच स्वरूपाचे नियम झाले. मिनीच्या नंतरच्या गाड्यांतही दबणारा स्तंभ आला.

फेरबदल करताना याचा अर्थ असा होतो :

दबणाऱ्या स्तंभाचा वरचा आधार आघातात सुटावा किंवा सरकावा, अशी योजना असू शकते. तेथे जाड पट्टी व घट्ट बोल्ट घातल्यास ती योजना निष्प्रभ ठरते.

दबणाऱ्या स्तंभाच्या जागी जुना ताठ स्तंभ बसवणे म्हणजे मिळालेले संरक्षण काढून टाकणे होय.

स्तंभ कापून पुन्हा वेल्डिंग करणे धोक्याचे मानले जाते. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या पोलादाचे गुणधर्म बदलतात आणि वारंवार पिळ पडल्याने तेथे सूक्ष्म तडा जाऊ शकतो.

१९९६ च्या अखेरीपासूनच्या मिनीत चालकासाठी एअरबॅग आहे. ती चालकाच्या ठराविक स्थितीचा विचार करून बसवलेली असते. अशा गाडीत चक्र बदलणे किंवा त्याचा कोन बदलणे म्हणजे संपूर्ण संरक्षण-व्यवस्थेत हस्तक्षेप करणे ठरते.

तपासणी

फेरबदलानंतर, तसेच फेरबदल केलेली जुनी गाडी विकत घेताना, पुढील बाबी पाहिल्या जातात :

गाडीची पुढची बाजू उचलून चाके अधांतरी असताना चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्याच जोराने फिरते का. मध्येच जड लागल्यास रॅक व स्तंभ एका रेषेत नसण्याचा संभव असतो.

चक्र वर-खाली व मागे-पुढे हलवून ढिलेपणा, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत 'प्ले', जाणवतो का.

वळण घेतल्यावर चक्र आपोआप मध्याकडे परतते का. घर्षण वाढले असल्यास ते रेंगाळते.

पूर्ण वळण घेतलेल्या स्थितीत चालकाचा गुडघा व चक्र यांमध्ये हात अडकत नाही ना, आणि ब्रेकवरून पाय उचलताना अडथळा होत नाही ना.

स्टिअरिंगचे कुलूप किल्ली काढल्यावर नीट लागते व किल्ली घातल्यावर पूर्ण सुटते का.

वेगमापक दिसतो का. सुरुवातीच्या मिनीत तो फळीच्या मध्यभागी असल्याने चक्राच्या आड येत नाही. चालकापुढे मापके असलेल्या नंतरच्या गाड्यांत मात्र चक्राची कड त्यावर येऊ शकते.

काही दिवस गाडी चालवल्यानंतर सर्व नट पुन्हा तपासण्याची प्रथा आहे.

कायदेशीर बाजू

ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुन्या गाड्यांना मे २०१८ पासून वार्षिक तपासणीतून सूट मिळू शकते. मात्र गेल्या ३० वर्षांत गाडीत मोठा बदल झालेला नसावा, अशी अट आहे. स्टिअरिंगचा प्रकार किंवा त्याची पद्धत बदलणे हा मोठा बदल मानला जातो. सूट मिळाली तरी गाडी रस्त्यावर चालवण्यास सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावरच राहते.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ वाहनातील बदलांविषयी आहे. निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास हे कलम प्रतिबंध करते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ स्पष्ट केला. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम अधिसूचित केले. त्यांत वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे, अशी अपेक्षा आहे. त्यामुळे जुनी गाडी बाळगणाऱ्या भारतीय मालकाच्या दृष्टीने, सहज काढून मूळ स्थिती आणता येणारा बदल आणि कायमचा बदल यांतील फरक महत्त्वाचा ठरतो.

भारतातील समकालीन मोटारींशी तुलना

मिनीचे उत्पादन भारतात झाले नाही, पण तिच्या रचनाकाराच्या कामाशी भारताचा संबंध आला होता. इसिगोनिस यांनीच रचलेली मॉरिस मायनर ही गाडी हिंदुस्थान मोटर्सने 'बेबी हिंदुस्थान' या नावाने काही काळ भारतात आणली होती.

मुंबईतील कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीशी तुलना केल्यास मिनीच्या स्तंभाचा साधेपणा ध्यानात येतो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे महाराष्ट्रात सर्वपरिचित झालेल्या या गाडीत दीर्घकाळ गिअरचा दांडा स्टिअरिंग स्तंभालाच जोडलेला होता. अशा स्तंभाचा कोन बदलायचा तर गिअर बदलणाऱ्या दांड्यांची जुळणीही बदलावी लागते. मिनीत गिअरचा दांडा जमिनीवर असल्याने स्तंभावर केवळ स्टिअरिंग, इंडिकेटरचा दांडा व नंतरच्या काळात कुलूप एवढेच भाग येतात. म्हणूनच मिनीत हे काम एका ब्रॅकेटवर भागते.

मूळ रूप आणि सोय

जुन्या मोटारींचे जतन करणाऱ्यांमध्ये या फेरबदलाविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार चढा स्तंभ व आडवे चक्र हे मिनीच्या आराखड्याचे अविभाज्य अंग आहे. ते बदलल्यास गाडीचे ऐतिहासिक स्वरूप बदलते. दुसऱ्या मतानुसार गाडी चालवण्यासाठी असते. चालक अवघडून बसला असेल तर त्याचे लक्ष व नियंत्रण दोन्ही कमी होतात, तेव्हा योग्य बैठक हीसुद्धा सुरक्षिततेचीच बाब आहे.

या दोन्ही मतांना मान्य होईल असा मार्ग म्हणून काही मालक प्रथम आसनाची उंची व अंतर बदलून पाहतात, कारण त्यात स्टिअरिंगच्या कोणत्याही भागाला हात लावावा लागत नाही. तेवढ्याने भागले नाही तर न कापता, न जोडता बसणारा ब्रॅकेट वापरला जातो व काढलेले मूळ भाग जपून ठेवले जातात.

कोणताही मार्ग निवडला तरी यांत्रिक अट एकच राहते. चक्र, स्तंभ आणि पिनियन हे तिन्ही एका सरळ रेषेत, कोणत्याही ताणाविना असले पाहिजेत. वरचे टोक किती खाली आणायचे हे चालकाच्या शरीरावर अवलंबून असते, पण ते खाली आणल्यावर खालचे टोक त्या मानाने फिरवणे ऐच्छिक नाही.